चतुःसीमा

बत्तीस वर्षं मी जमीन मोजली.
पेठ, सिन्नर, शेवटी शेवटी पाथर्डी फाटा.
बांध वीतभर सरकला
की सख्खे भाऊ कोयते काढतात, हे पाहिलंय.
म्हणून हेमांगी जेव्हा म्हणाली,
"मामा, एका राजाने चौसष्ट किल्ले घेतले
आणि चौदाशे गावं,"
मी आधी विचारलं,
मोजणी कुणी केली?

हेमांगी अंबडच्या एका कोरियन कारखान्यात दुभाषी.
जेवणाच्या टेबलावर, लोणच्याची बरणी सरकवून
तिने फोटो ठेवला:
यालू नदीजवळचा दगड,
तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढली
तरी वर उरेल एवढा.
गोगुर्योचा राजा, गेला एकोणचाळिसाव्या वर्षी.
दोन वर्षांनी मुलाने हा उभा केला,
बापाचं नाव कोरलं
त्यात 'भूमी रुंदावणारा' असा अर्थ बसवून.
अक्षरं चारही अंगांना.
"म्हणजे चतुःसीमा," मी म्हणालो.
ती हसली, फोटोवरचं तेलाचं बोट पुसलं.

शेवाळ काढायला कुणीतरी
त्या दगडाला शेण फासून आग लावली होती.
कपचे उडाले. नंतर चुना भरला.
आता गेलेल्या अक्षरांवरून
देशादेशांत तंटा.
मला नवल नाही वाटलं.
हद्दीची खूण उपटलेली असली
की दोन्हीकडच्यांना ती लख्ख आठवते.

रविवारी तिला पांडवलेण्यावर नेलं.
धापा टाकत तिसऱ्या लेण्यात.
"हा बघ आपल्याकडचा," मी म्हणालो,
"याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं.
आईने लिहवलंय, मुलगा गेल्यावर."
ती बराच वेळ मान वर करून.
तिकडे बापासाठी मुलगा,
इकडे मुलासाठी आई,
आणि ज्याची जमीन तो
खातेदार गैरहजर.
पंचनाम्यात मी हाच शेरा मारला असता.

त्याच ओसरीत आणखी एक मजकूर आहे, लहान.
भिक्षूंना शेत दिलं होतं काखडी गावात,
ते कुणी कसत नाही,
ते गाव वसत नाही,
तरी दुसरं द्यावं.
तीन समुद्र मला कधी कळले नाहीत.
हे कळलं.
असे अर्ज माझ्या टेबलावर
पेपरवेटखाली वर्षानुवर्षं फडफडले.

"त्या दगडाच्या शेवटी काय आहे, माहितीय?"
हेमांगीने मोबाईल काढला.
शेवटी किल्ले नाहीत, लढाया नाहीत,
घरं आहेत.
या गावातून दोन घरं, त्यातून पाच,
अशी तीनशे तीस,
राजाच्या थडग्याची राखण करायला.
राजा म्हणाला होता,
माझी जुनी माणसं पुढे खंगतील,
मी जिंकून आणलेली आहेत
त्यांना लावा
पाणी शिंपडायला आणि झाडायला.
ती एकेक गाव वाचत गेली.
उच्चार अडखळले तरी थांबली नाही.

खराट्याचा आवाज मघापासून येत होता.
बाई ओसरीच्या टोकापासून आमच्याकडे झाडत येत होती,
पदर खोचलेला, बादली पुढे ढकलत.
हेमांगीने सहज विचारलं,
"मावशी, गाव कुठलं?"
"धरणात,"
बाई म्हणाली
आणि खराटा तळहातावर आपटून सारखा केला.

कुठलं धरण, मी विचारलं नाही.
संपादनाच्या मोजणीला
टेबल मी मांडलं होतं, दोन धरणांना.
चिंचेखाली. चहा गावानेच दिला होता.
नकाशात घरं लाल शाईने,
दोन इथे, पाच तिथे.

खाली महामार्ग, त्यापलीकडे
अंबडचे पत्रे उन्हात,
शहर आता कुठवर गेलंय
मलाच सांगता येत नाही.

तिने ओंजळीने पाणी शिंपडलं.
मग माझ्यापाशी येऊन थांबली.
"पाय उचला, साहेब."
मी एक उचलला.
दुसरा कुठे ठेवायचा
ते बघत राहिलो.